तक्त्यातला सिंह

जरा इकडे लक्ष द्या. सिंहाकडे नको, माझ्याकडे. सगळे आधी त्या सिंहाकडेच बघतात आणि बाकीचं राहून जातं, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो. सिंह हा माझ्या अंगावरचा एक खण आहे. मी म्हणजे सबंध तक्ता. वर 'नाउन', खाली 'प्रोनाउन', मधे जाड लाल रेघ, पाठीला कापड, डोक्याशी आणि पायाशी लाकडी पट्टी. इंग्रजी व्याकरणातली नामं आणि सर्वनामं माणसांच्या डोक्यात शिरावीत म्हणून मला जन्माला घातलं. किती शिरली ते विचारू नका. नाही विचारलंत तरी मी सांगणारच आहे.

माझा जन्म छापखान्यातला. मजकूर मुळात चांगला होता. तो ज्यांनी लिहून दिला त्या बाई शहाण्या असाव्यात. नाम म्हणजे नाव, माणसाचं, जागेचं, वस्तूचं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचं. सर्वनाम म्हणजे नाव एकदा घेऊन झालं की त्याच्या बदली येणारा शब्द. इतकं सरळ लिहिलं होतं. पण छापखान्याचा मालक म्हणाला, नुसती अक्षरं कोण विकत घेणार, चित्रं हवीत. मग चित्रकाराला बोलावलं. त्याला व्याकरण येत नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला घाई होती.

प्रॉपर नाउनच्या खणात, म्हणजे विशेषनामाच्या, त्याने घर काढलं, दारावर पाटी काढली आणि पाटीवर नाव लिहायचंच विसरला. कॉमन नाउनला खुर्ची काढली, ती बरी जमली. कलेक्टिव्ह नाउन म्हणजे समूहाचं नाव, तिथे मेंढ्यांचा कळप हवा होता. त्याने तीन मेंढ्या रंगवल्या आणि बाकी कळपाच्या जागी एक झुडूप काढून वेळ मारून नेली. मटेरियल नाउन म्हणजे पदार्थाचं नाव, तिथे सोनं काढायचं होतं, त्याची झाली वीट. शेवटी नामांच्या अर्ध्या भागात, लाल रेघेच्या लगेच वर उजवीकडे, उरलं अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउन. भाववाचक नाम. जे दिसत नाही, हाताला लागत नाही, पण असतं, त्याचं नाव. बाईंनी उदाहरण दिलं होतं 'करेज', म्हणजे धैर्य. आता धैर्य कसं काढणार? चित्रकाराने डोकं खाजवलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सिंह काढला. तोही तिरळा. 'करेज' हा शब्द बारीक टायपात सिंहाच्या शेपटीखाली गेला, तो तिथेच राहिला.

खालच्या अर्ध्या अंगाचं नशीब त्यातल्या त्यात बरं. सर्वनामाचं चित्र कसं काढतात ते त्याला सुचेना, म्हणून त्याने नुसती बोटं काढली. 'आय'ला स्वतःकडे वळलेलं बोट, 'यू'ला समोर रोखलेलं, 'दॅट'ला लांब दाखवणारं. 'समबडी'च्या खणात खांदे उडवणारा एक माणूस आहे. तो चित्रकार स्वतःच असावा असा माझा दाट संशय आहे.

तिथून मी आलो सरांच्या घरी. सर म्हणजे घरातल्या पुढच्या खोलीत इंग्रजीचा क्लास चालवणारे गृहस्थ. गल्लीतली अर्धी पोरं त्यांच्याकडे यायची. चपला दाराबाहेर, दप्तरं भिंतीशी, आणि समोर मी. सर वाईट नव्हते. वेळेवर शिकवायचे, घसा कोरडा होईपर्यंत शिकवायचे. पण त्यांची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीने माझ्या आयुष्याचं मातेरं केलं.

त्यांच्याकडे वेताची एक काठी होती. ती माझ्या एकेका खणावर आपटायची आणि सगळ्या वर्गाने ठेक्यात म्हणायचं. वर डावीकडे, प्रॉपर नाउन, हाउस. वर मधे, कॉमन नाउन, चेअर. खाली उजवीकडे, अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउन, लायन. पोरं चित्र बघून म्हणायची आणि सर आवाज मोजायचे, शब्द नाही. रोज तेच. भिंतीपलीकडचा शिंपीसुद्धा शिलाई मारताना 'खाली उजवीकडे लायन' गुणगुणायला लागला होता. त्या काठीने सिंहाच्या पोटाला भोक पडलं, पण काय चाललंय ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एकदा क्लास चालू असताना खोलीतला बल्ब गेला. अंधारात सरांना हुक्की आली आणि त्यांनी विचारलं, बल्ब हे कोणतं नाउन? मग वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी म्हणाली, "तो तक्त्यात नाही, सर."

मला वाटलं, आता तरी सरांच्या डोक्यात प्रकाश पडेल. सर म्हणाले, बरोबर, तक्त्यात नसलेलं परीक्षेत विचारत नाहीत. मी खिळ्यावरून खाली पडून घेणार होतो, पण खिळा पक्का होता.

या क्लासला एक दिवस मावशी आली. पोरांच्या आयांच्या वयाची बाई. हॉस्पिटलच्या लाँड्रीत कंत्राटावर काम करायची. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. तिथे सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून इथेही मावशीच. हॉस्पिटलने नवा नियम काढला होता. वॉर्डात मदतनीस म्हणून कायम व्हायचं तर एक परीक्षा द्यायची, त्यात इंग्रजीचा पेपर, आणि त्या पेपरात नाम-सर्वनामांचा घसघशीत प्रश्न. आजाऱ्याला कूस बदलून द्यायला भाववाचक नाम कशाला लागतं ते मला विचारू नका, नियम करणाऱ्याला विचारा. तीनदा बसायची मुभा होती. एकदा मावशी नापास झालेली होती. तिन्ही वेळा गेली तर कायम होणं विसरायचं, आणि लाँड्रीत यंत्रं येणार असल्याची कुणकुण होतीच. घरी नवरा सुतार. काम मिळेल तेव्हा मिळेल, अशी गत. शिवाय खाटेला खिळलेली सासू. म्हणजे घर चालायचं ते या चादरींवर.

ती पोरांच्या मागे, भिंतीला टेकून बसायची. आवाज सगळ्यांत मोठा. एकदाच तिने काहीतरी विचारलं होतं. खालच्या खणातलं समोर रोखलेलं बोट बघून म्हणाली, "सर, मोठ्या डॉक्टरांनाही यू आणि मलाही यूच?"

किती छान प्रश्न. मी पट्टीपासून पट्टीपर्यंत ताठ झालो. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच शब्द, हे तिला आपलं आपण दिसलं होतं. सर म्हणाले, मावशी, जेवढं तक्त्यात आहे तेवढं पाठ करा. त्यानंतर तिने काही विचारलं नाही, आणि मलाही पुन्हा ताठ व्हावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या परीक्षेहून ती आली ती थेट क्लासवर, हातात पिशवी तशीच. भाववाचक नामाची उदाहरणं लिहा, असा प्रश्न होता. तिने डोळे मिटले, मला आठवलं, खाली उजवीकडे गेली आणि लिहिलं 'लायन'. आणखी सुचेनात म्हणून 'टायगर' आणि 'बेअर'ही लिहिलं. कलेक्टिव्ह नाउनला झुडूप लिहून आली होती. सर कपाळावर हात मारून म्हणाले, अहो मावशी, लायन प्राणी असतो.

"मग त्या खणात कशाला बसलाय?" मावशीने विचारलं.

ते नुसतं चित्र आहे, असं काहीतरी सर पुटपुटले. मी तेवढ्यात शेपटीखालचा शब्द दाखवायला धडपडलो, पण तक्त्याला धडपडता येत नाही. मावशी खाली मान घालून चपला घालायला गेली. आता शेवटची एकच संधी राहिली होती.

त्यानंतर सरांनी माझं काय करावं? त्यांनी मोठा टीव्ही आणून भिंतीवर लावला. त्यावर सिंह डरकाळी फोडायचा. पोरं खूश. खण तोच, सिंह तोच, फक्त आता तो हलायचा. मला गुंडाळून कपाटावर टाकलं, आणि सरांची बायको धूळ बसू नये म्हणून मला कापून कपाटातल्या फळ्यांवर अंथरणार होती. कात्रीही आणली होती. तेवढ्यात मावशी राहिलेली फी द्यायला आली आणि म्हणाली, हा टाकणार असाल तर मला द्या. ज्याने बुडवलं त्यालाच मागून नेणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. सवयीचा आहे, एवढंच ती म्हणाली.

मावशीचं घर म्हणजे एक खोली आणि पलीकडे ओटा. खोलीत मोकळा खिळा एकच होता, आणि तो नेमका सासूबाईंच्या खाटेसमोर. मला तिथे टांगलं. पहिल्या सकाळी सासूबाई जागी झाली, तिने डोळे उघडले आणि समोर सिंह.

"तो मेला टक लावून बघतोय माझ्याकडे," ती म्हणाली.

चहा झाला तरी तेच. दुपारी तेच. कूस बदलली तरी बघतो म्हणे. तिरळाच तो, सगळीकडेच बघणार. संध्याकाळी मुलगा कामावरून आला. तो सुतार, त्याला कुठलीही गोष्ट सरळ करायची माहीत. आईची कुरकूर आणि बायकोची नाराजी दोन्ही टाळायला त्याने मला खिळ्यावरून काढलं, उलटं केलं आणि पुन्हा टांगलं. तोंड भिंतीकडे.

आता तुम्हीच सांगा. ज्याचा जन्मच लोकांनी बघावं म्हणून, त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं? शाळेत हीच शिक्षा व्रात्य पोरांना देतात. मी काय केलं होतं? समोर चुन्याचे पोपडे, नाकाशी एक कोळी, आणि पाठीवर दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंचा ओला टॉवेल, कारण पट्टी आयती मिळाली होती. मला काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू यायचं, आणि जे ऐकू यायचं त्याने मी आणखी वैतागायचो.

मावशी कामावरून येऊन ओट्याशी उभी राहायची आणि भाजी चिरता चिरता सरांच्या ठेक्यात सुरू करायची. वर डावीकडे, प्रॉपर नाउन. मग अडायची, कारण बघायला गेलं तर पुढे पांढरं कापड आणि टॉवेल. सासूला सांगूनही बघितलं की परीक्षेपुरता तक्ता फिरवते. सासूने जेवण नको म्हणून सांगितलं. तक्ता राहिला तसाच.

या सासूबाईंची आणखी एक खोड. ही बाई कुठल्याच वस्तूचं नाव घेत नसे. अगं, ते दे. ते नाही, ते, त्याच्याखालचं. त्याला सांग ते आण म्हणून. मावशी अर्धी भाजी टाकून यायची आणि ते म्हणजे पाणी, की उशी, की खिडकी, ते हुडकत बसायची. माझ्या खालच्या अंगावर लिहिलेलं होतं हो सगळं, आधी नाव, मग त्याच्या बदली शब्द. पण ते भिंतीला वाचून दाखवण्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

एका संध्याकाळी 'ते' म्हणजे पाय शेकायची पिशवी, हे कळेपर्यंत मावशीने चार वस्तू नेऊन दाखवल्या आणि मग तिचा पारा चढला. "आई, आधी नाव सांगा, मग ते म्हणा. आधी नाम, मग सर्वनाम."

बोलून गेली आणि थबकली. मला ऐकू आलं थबकलेलं. चाकूचा आवाज थांबला. मग ती हळूच स्वतःशी म्हणाली, पिशवी, बॅग. बॅगच्या बदली इट. नवऱ्याच्या बदली ही. आईच्या बदली शी. मग तिने तिथल्या तिथे सासूला समजावलं की इंग्रजीत तुम्हालाही यू आणि मलाही यूच.

"म्हणजे तू मला अगंतुगं करणार?" सासूबाई म्हणाली. दोन दिवस अबोला होता.

पण त्यानंतर मावशीचा ठेका सुटला. डावीकडे-उजवीकडे बंद. ती वस्तू हातात घेऊन बोलायला लागली. चादर झटकताना म्हणायची, शीट, कॉमन. मग बोटांनी चुरगाळून म्हणायची, कशाची? कापसाची. कॉटन, मटेरियल. लाँड्रीतलं चादरींचं गाठोडं तिला आठवलं, ते बंडल, समूह. नवऱ्याच्या रंध्याखालचा भुसा, तांब्यातलं पाणी, गल्लीचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळ्यांना तिने खणांत बसवलं. आणि कुठल्या खणांत? तर तिच्या स्वतःच्या. माझ्याकडे बघायची सोय नव्हती ना. खरं सांगतो, मला राग आला. मी इथे जिवंत असताना ही बाई खोलीकडे बघून शिकतेय.

फक्त एक खण तिला भरता येत नव्हता. खाली उजवीकडचा. तिथे पोचली की तिचा आवाज बारीक व्हायचा. दिसत नाही पण असतं, म्हणजे काय? हवा? देव? भूत? मी भिंतीत तोंड खुपसून ओरडत होतो, पण कोळी सोडून कुणी ऐकलं नाही. परीक्षा तोंडावर आली होती. लाँड्रीत पहिलं यंत्र बसवून झालं होतं.

त्या आठवड्यात सासूबाईंचे गुडघे फार दुखत होते. मुलाने वाकून, दाबून पाहिलं असावं, आणि सूज तर काही दिसत नाही म्हणाला. म्हातारीचं पित्त खवळलं.

"दिसत नाही म्हणून नाही म्हणतोस होय? मला विचार आहे की नाही ते."

मावशी ओट्याशी होती. नळ चालू होता, तो बंद झाला.

"आई," ती म्हणाली, "परत म्हणा."

"काय परत म्हणू? दुखतंय. दुखतंय म्हटलं ना. दाखवायला काही नाही माझ्याकडे."

"दुखणं," मावशी म्हणाली. मग इंग्रजीत म्हणाली, पेन. मग एकामागून एक सुटलीच. राग. झोप. भीती. कंटाळा. कष्ट. ज्यांची इंग्रजी नावं येत होती ती इंग्रजीत, बाकीची मराठीत, त्यांची उद्या विचारून घेईन म्हणाली. लाँड्रीतल्या एकेका चादरीवर काय काय असतं आणि धुतल्यावर दिसत नाही, ते ती सासूच्या गुडघ्यांवर शेकाची पिशवी धरून सांगत राहिली. सासूबाई म्हणाली, पिशवी जरा डावीकडे घे. पिशवी म्हणाली. ते नाही म्हणाली. हे फक्त माझ्या लक्षात आलं.

परीक्षा झाली. कशी गेली ते मावशी घरी कुणाला सांगेना, आणि मला तर कोण सांगणार. मग निकालाचा दिवस आला. दाराशी चपला वाजल्या. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. मी इथे भिंतीला नाक लावून उभा. अहो, काहीतरी बोला. तोंड कसं झालंय ते मला दिसत नाही, कुणीतरी बोललं तरच कळणार. आयुष्यभर माझ्या तोंडाकडे बघणाऱ्यांची मला चीड होती, आणि त्या दिवशी मला एकाच माणसाचं तोंड बघायचं होतं, तर मला उलटं टांगलेलं.

"झालं का ते?" सासूबाईने विचारलं.

आता मावशी नेहमीसारखं म्हणेल, आधी नाम, मग सर्वनाम. ती नाही म्हणाली. खाट करकरली. म्हातारी उठून बसली असावी.

"परीक्षेचा निकाल लागला का? तू पास झालीस का, सूनबाई?"

नाव घेतलं म्हातारीने. एकेका गोष्टीचं नाव घेऊन विचारलं. आणि मावशी रडायला लागली. दोन्ही निकालांचं रडणं सारखंच ऐकू येतं, हे तेव्हा मला कळलं, आणि मी इतका वैतागलो की डोक्याची पट्टी करकरली.

"झाले, आई."

"मग रडतेस कशाला?"

"माहीत नाही."

"याला काय म्हणतात तुझ्या इंग्रजीत?"

मावशीने नाक पुसलं, बहुतेक माझ्याच पाठीवरच्या टॉवेलला. जरा विचार करून म्हणाली, "तक्त्यात नाही, आई."

आता ती वॉर्डात असते. सुट्टीच्या दिवशी लाँड्रीतल्या तिच्या जुन्या मैत्रिणी येतात. त्यांनाही परीक्षा द्यायची आहे. त्या आल्या की मावशी मला लगेच फिरवत नाही. आधी खोलीतली नावं घ्या म्हणते, मग पोटातली, आणि सगळं घेऊन झालं की शेवटी मला जरासं वळवून दाखवते, पाहुण्यांना घरातला जुना अल्बम दाखवतात तसं. बायका सिंह बघून हसतात. सासूबाई तेवढा वेळ डोळे मिटून घेते. मग पुन्हा भिंत, पुन्हा कोळी.

माझे रंग उडालेत. मेंढ्या दोनच राहिल्यात, झुडूप मात्र टवटवीत आहे. माझ्या नशिबात आता दुसरी भिंत येणार नाही. म्हणून छापखानेवाल्यांना एवढंच सांगतो. पुढचा तक्ता काढाल तेव्हा खाली उजवीकडच्या खणात सिंह काढू नका. सिंह नको, वाघ नको, अस्वल तर नकोच. तो खण कोरा सोडा. तक्ता विकला गेला नाही तरी चालेल, पण कोरा सोडा.

आणि मावशी, तुझं सगळं चांगलं होवो, पण तो टॉवेल तेवढा काढ. ओला आहे.